फुलबॅक पोरीला पगारी संघात कधी पाठवायचं? आमचं सव्वा वर्ष

आमची धाकटी हॉकी खेळते, फुलबॅक म्हणून, म्हणजे गोलकीपरच्या पुढं, बचावाला. १ ऑगस्ट २०२५ पासून ती मुंबईतल्या एका संघाकडून मानधनावर खेळतेय. पहिली विचारणा आली होती एप्रिल २०२४ मध्ये. मधल्या काळात मी भेटेल त्याला विचारत होते, की पोर तयार झालीय हे ओळखायचं कसं? उत्तरं दोनच यायची. एक, 'आलेली संधी सोडू नका.' दुसरं, 'आधी शिक्षण पुरं होऊ द्या.' दोन्हींत हॉकीचा कुठं पत्ता नव्हता. आमच्यासारख्या घरांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते, स्वतः हातात कधी स्टिक धरलेली नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचावं.

'प्रोफेशनल' म्हटलं की लोकांना लिलाव आठवतो. आपल्याकडे हॉकीतला पगारी खेळ म्हणजे मुख्यतः खात्याचा किंवा कंपनीचा संघ: रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या. आधी काही वर्षं मानधन, मग खेळ टिकला आणि जागा निघाली तर नोकरी. त्यामुळे खेळाडू कधी तयार होतो यापेक्षा जाहिरात कधी निघते, कोण फोन करतं, यावरच घराघरांतले निर्णय होतात. आमचाही तसाच होणार होता.

एप्रिलमध्ये धाकटीची बारावीची परीक्षा होऊन काही आठवडे झाले होते. जानेवारीत पिंपरीला नेहरूनगरच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, ती एक स्पर्धा खेळली होती, तिथं मुंबईच्या त्या संघाच्या कुणीतरी तिला पाहिलं होतं. फोन आला: दोन वर्षांचा करार, महिना १२,००० रुपये मानधन, राहायला खोली, दोन वेळचं जेवण, किट त्यांचं. पंधरा दिवसांत कळवा. यांना, म्हणजे तिच्या बाबांना, आनंद लपवता येईना. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. सतराव्या वर्षी बारा हजार आणि वर खाणंपिणं म्हणजे त्यांच्या हिशेबात विषयच मिटला. थोरली पुण्यात नोकरी करते, तिनं फोनवरूनच 'अजिबात नाही' म्हणून सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, फलटणच्या पोरी भारताकडून खेळतात मग हिनं का नको. त्यांचं चूक नव्हतं. आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे, दोघी आमच्याच जिल्ह्याच्या; एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्युनिअर विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघात दोघी होत्या. पण त्या दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहानपणापासून रोज टर्फवर वाढलेल्या. आमचीचा रोजचा सराव मातीवर.

मी धाकटीला हॉकी शिकवणाऱ्या सरांकडे गेले. सर म्हणाले, "ताई, पुढं खेळणारी पोर सतराव्या वर्षी पाठवली तरी निभावते. मागची उशिरा पिकते." कारण विचारलं तर त्यांनी सोपं करून सांगितलं. फॉरवर्डनं नऊ वेळा बॉल घालवला आणि दहाव्या वेळी गोल मारला तरी तिच्या नावाचा जयघोष होतो. फुलबॅक नऊ वेळा बरोबर असते आणि दहाव्यांदा चुकली की गोल खाल्लेला असतो. पाय आणि हात सरावानं येतात; समोरची पोर बॉल घेण्याआधी कुठं बघतेय हे ओळखणारी नजर सामन्यांतूनच येते, आणि तिला वर्षं लागतात. मोठ्या संघात गेल्यावर ती सामने खेळणार की बाकावर बसणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारायला लावला. मी फोन करून विचारला. त्यांच्याकडे चार सीनियर डिफेंडर होत्या. "पहिलं वर्ष शिकायचं," असं पलीकडून उत्तर आलं. म्हणजे बाक.

दुसरी गोष्ट वयाची. धाकटीला अठरा पूर्ण व्हायला नोव्हेंबर उजाडणार होता. संघाचं म्हणणं होतं, आईवडिलांची सही चालेल. साताऱ्याच्या कोर्टाजवळ एका ओळखीच्या वकिलांना कागद दाखवला, त्यांनी १,५०० रुपये घेतले आणि सरळ सांगितलं की १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या व्यक्तीला करारच करता येत नाही. पोरीची सही निरर्थक, आणि तुम्ही सही केलीत तर मधेच सोडल्यावर पैसे परत करायची जी अट आहे ती तुमच्या गळ्यात. ती अट मी पतसंस्थेत रोज कर्जाचे कागद वाचत असूनही दोनदा वाचल्यावर कळली, इतकी ती वाक्याच्या पोटात दडवलेली होती. कराराचा कागद आला की रकमेचा आकडा शेवटी बघा, आधी 'परतफेड' आणि 'मुदतपूर्व' हे शब्द शोधा.

मग मे महिन्यात सरांनी मलाच कामाला लावलं. म्हणाले, सामना बघताना बॉल बघायचा नाही, पोरीला बघायचं. एक दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: बॉल हिसकावला, हिसकावला नाही पण समोरचीला कडेला नेलं, बॉल मिळाल्यावर पहिला पास आपल्या पोरीकडे गेला की परत त्यांच्याकडे, डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) फाउल, आणि शेवटची पंधरा मिनिटं वेगळी. हॉकी आता पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळतात, आणि दमलेली फुलबॅक कशी खेळते ते चौथ्याच भागात दिसतं. बॉल बघायचा नाही हे फार अवघड आहे. सगळं मैदान ओरडत असतं तेव्हा तुम्ही चाळीस मीटर मागे उभ्या पोरीच्या खांद्यांकडे बघत असता. पण दोन-तीन सामन्यांत सवय होते, आणि मग जे दिसतं ते आधी कधीच दिसलेलं नसतं.

जूनमध्ये बालेवाडीला टर्फवर सराव सामने होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आम्हा दोघींचा स्वारगेटपर्यंतचा खर्च एका तिकिटात भागायचा. पुढं सिटी बस. त्या सामन्यांत धाकटीनं धडाधड टॅकल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वहीत 'हिसकावला'चा रकाना भरून वाहत होता, पण शेजारचा पहिल्या पासचा रकाना बघितला तर निम्म्याहून जास्त बॉल दोन सेकंदांत परत त्यांच्याकडे गेलेले. तिसऱ्या भागात तर ती मध्यरेषेपर्यंत धावून गेली, स्टिक फिरवली, समोरचीनं बॉल तिच्या डाव्या हाताकडून काढला आणि मागं सगळं रान मोकळं. गोल वाचला तो गोलकीपरमुळे. परतीच्या बसमध्ये मी वही उघडून दाखवली. ती रागावली. "आई, मी किती बॉल काढले ते बघ ना." सर दुसऱ्या दिवशी वही बघून एवढंच म्हणाले, "टाळ्या कमी झाल्या पाहिजेत."

मातीवर वाढलेल्या पोरींचा एक वेगळा प्रश्न असतो. मातीवर बॉल उसळतो, थोडा थांबतो, चुकलं तरी सावरायला वेळ मिळतो. टर्फवर पाणी मारलेलं असतं, बॉल सपाट आणि सुसाट येतो. कंबरेतून खाली वाकूनच खेळावं लागतं, स्टिक जवळजवळ जमिनीला टेकलेली. धाकटीची पाठ तिसऱ्या भागापासून सरळ होऊ लागायची, आणि फाउल तेव्हाच व्हायचे. मला वाटलं व्यायाम कमी पडतोय. सरांनी रक्त तपासायला सांगितलं. २,१०० रुपयांच्या तपासण्या झाल्या: हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तोही तळाला. बायकांमध्ये बारा तरी लागतं. खेळाडूंच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला, दुसरा जेवणाचा, आणि दोन्ही उत्तरं ऐकून मान हलवली. लोहाच्या गोळ्या, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आसपास नाही. सकाळच्या सरावाआधी उपाशी धावणं बंद. रोज दोन अंडी वाढवली.

इथं एक सांगून ठेवते. गल्लीतल्या एका दवाखान्यात 'सलाईनमधून लोह देऊ, आठ दिवसांत पळेल' म्हणाले होते. खेळाडूंना बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन लावून घेणं उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंद आहे. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, तपासणी एवढेच अपवाद. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं, तेही स्पर्धेच्या काळात ठराविक मर्यादेपुढे चालत नाही. नाडाचं, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचं, औषधं तपासायचं मोबाइल ॲप आहे. गोळी तोंडात टाकायच्या आधी त्यात नाव घालून बघायची सवय पोरांना आत्ताच लावा. पगारी संघात गेल्यावर हे शिकवायला कुणी बसत नाही.

जुलैत आम्ही त्या संघाला नकार कळवला. फोनवर नाही, लेखी, आणि पुढच्या वर्षी चाचणीला बोलवावं अशी विनंती करून. यांनी आठ दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. लोक तर काय, "दारात आलेली लक्ष्मी" वगैरे. धाकटी मात्र गप्प होती. मला वाटतं तिला वहीतलं कुठंतरी पटलं होतं, पण कबूल करायचं नव्हतं.

४ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमधली ग्रेट ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत आम्ही घरी बघितली. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारत दहा जणांत खेळला. मी सवयीनं वही घेऊन बसले होते. दहा जणांच्या त्या डिफेन्सनं बॉल हिसकावायच्या मागे न लागता मधली जागा बंद केली, समोरच्यांना कडेकडेनं फिरू दिलं, आणि डीमध्ये आल्यावरच अंगावर गेले. १-१ बरोबरी, मग शूटआउटमध्ये ४-२. धाकटी चौथ्या भागात टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसली. रोहिदासवर बंदी आल्यानं तो जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्हता आणि तो सामना ३-२ नं गेला, तेव्हा मात्र "एका स्टिकचं केवढ्याला पडलं" हे तीच म्हणाली.

त्याच महिन्यात बी.ए. ला प्रवेश घेतला. खेळाडूंच्या आयांना माझा आग्रह आहे, कॉलेज निवडताना शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन हॉकीत ते संघ उतरवतं का एवढं विचारा. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभागाचे सामने मिळतात, समोर वीस-बावीस वर्षांच्या मुली असतात, आणि बाकावर बसायची पाळी येत नाही. आम्हाला हेच हवं होतं.

कागदांचं काम सप्टेंबरात उरकायला घेतलं. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी आधी व्हावी लागते, आणि ती साताऱ्याच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात होत नाही. विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा, यांच्याकडे कोल्हापूरला प्रकरण जातं. केंद्राच्या खेळाडू भरतीत वेगळे नमुने असतात, राज्य संघटनेच्या सचिवाच्या सहीचा, विद्यापीठाचा, शालेय स्पर्धांचा असा प्रत्येकाचा निराळा. स्पर्धा संपल्या संपल्या, सही करणारा माणूस पदावर असतानाच ते भरून घ्यावेत. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. धाकटीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एक अक्षर वेगळं होतं. जन्म माझ्या माहेरी, फलटण तालुक्यात, त्यामुळे दुरुस्ती तिथल्या ग्रामपंचायतीत. जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली अर्ज, सोबत यांचा शाळेचा दाखला, आधार आणि प्रतिज्ञापत्र. भाऊसाहेब चांगले होते, तरी सव्वा महिना गेला. पासपोर्ट नोव्हेंबरात, अठरा पूर्ण झाल्यावर काढला: १,५०० रुपये, पोलीस पडताळणीला घरी माणूस आला, दहा मिनिटांत गेला.

ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा लिलाव दिल्लीत झाला आणि पहिल्यांदाच बायकांची लीग होणार म्हणून आमच्या आळीत एकदम सगळे जाणकार झाले. भारताकडून खेळणाऱ्या उदिताला ३२ लाख मिळाले, तीही डिफेंडर. "तुमच्या पोरीचं नाव का नाही टाकलं?" असं मला किराणा दुकानात विचारलं गेलं. चार संघ, प्रत्येकी चोवीस खेळाडू, त्यात किमान सोळा भारतीय आणि त्यांतल्या चार ज्युनिअर. अख्ख्या देशातून ज्युनिअर मुलींच्या हक्काच्या जागा झाल्या सोळा. हा हिशेब दुकानात सांगत बसले नाही. मला मोलाची वाटली ती उदिताची हकिगत: आधी हँडबॉल, मग हॉकीत फॉरवर्ड, आणि डिफेन्समध्ये आली ती नंतर. मागं खेळायला वय आणि अनुभव लागतो हे सरांचं म्हणणं मला तिथं पटलं. जानेवारी २०२५ मध्ये रांचीतले सामने आम्ही टीव्हीवर बघितले. एका सामन्यात तर मी धाकटीला वही दिली आणि उदिताचे रकाने तिनंच भरले. 'कडेला नेलं' हा रकाना सगळ्यात लांब झाला.

ऑक्टोबरअखेर हिमोग्लोबिन १२.१ वर आलं होतं. सरांनी तिला शनिवारी मुलांच्या संघाविरुद्ध उतरवायला सुरुवात केली. पहिले काही शनिवार वाईट गेले. मुलं तिच्या बाजूनं पळून जायची आणि ती घरी येऊन जेवायची नाही. मग हळूहळू तिनं अंतर ठेवायला शिकलं. जास्त जवळ गेलं की चकवतात, जास्त लांब राहिलं की मारतात. मधलं ते एक स्टिकभर अंतर मोजून येत नाही, चकून चकूनच येतं.

फेब्रुवारीतला एक प्रसंग सांगते, कारण माझा निर्णय तिथं झाला. आम्ही १-० नं पुढे, चौथा भाग, पाचेक मिनिटं राहिलेली. समोरच्यांची सगळ्यात वेगवान मुलगी उजवीकडून एकटी सुटली. आधीची धाकटी असती तर झेपावली असती. ही मागं सरकत राहिली, डावा पाय पुढे, स्टिक जमिनीलगत, मधली वाट बंद करून. त्या मुलीनं दोनदा हूल दिली. धाकटीची स्टिक हललीच नाही. कडेची रेषा जवळ जवळ येत गेली, शेवटी त्या मुलीलाच जागा उरली नाही आणि बॉल तिच्याच स्टिकवरून बाहेर गेला. कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्याच हल्ल्यात पेनल्टी कॉर्नर मिळाला त्यांना. कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जणी गोलरेषेमागे उभ्या असतात, बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. बॉल आत ढकलला की त्यांतली पहिली धावणारी थेट मारणाऱ्या खेळाडूवर जाते. ती आमची. तोंडाला मास्क, गुडघ्याला पॅड. पाच मीटरच्या आत गुडघ्याखाली बॉल लागला तर पुन्हा कॉर्नर, गुडघ्याला किंवा त्यावर लागला तर मारणारीच्या विरुद्ध फ्री हिट. म्हणजे धावायचं सुसाट, पण कुठल्या रेषेत धावायचं ते डोकं शांत ठेवून ठरवायचं. ती उजव्या अंगानं गेली, बॉल स्टिकला लागून उडाला, आणि तिनं तो लगेच हाणला नाही. मान वर करून बघितलं आणि मोकळ्या उभ्या हाफकडे, म्हणजे मधल्या फळीतल्या पोरीकडे दिला. तो एक पास माझ्या वहीत सर्वांत ठळक आहे. सरांनी त्या दिवशी वही मागितलीच नाही.

मार्चमध्ये रेल्वेच्या खेळाडू भरतीची चौकशी केली. वय १८ ते २५, त्यात सवलत नाही. शंभर गुणांतले ५० खेळातल्या कामगिरीला, ४० मैदानावरच्या चाचणीला आणि १० शिक्षणाला. चाचणीत चाळीसपैकी पंचवीस मिळाले तरच पुढं. मुलींना अर्जाची फी २५०, आणि चाचणीला हजर राहिलात तर ती परत मिळते. कामगिरीत राष्ट्रीय स्पर्धेतला पहिल्या तिघांतला क्रमांक वगैरे अटी पदाप्रमाणे असतात. धाकटी राज्याकडून खेळलेली होती पण संघ पहिल्या तिघांत आलेला नव्हता. अर्ज भरला नाही. मात्र चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच कामगिरी तिथं धरतात. म्हणून थांबणंही फुकटचं नसतं: आम्ही थांबलो त्या वर्षात तिचं एक जुनं चांगलं प्रमाणपत्र मुदतीबाहेर गेलं. हे ज्यांना थांबायचंय त्यांनी आधी मोजून घ्यावं.

एप्रिलमध्ये मी मुंबईच्या त्याच संघाला पत्र पाठवलं, सोबत गोलच्या मागून मोबाइलवर काढलेले दोन अख्खे सामने. कापून-जोडून केलेली गोलांची रीळ फुलबॅकच्या काय कामाची? महिनाअखेरीस चाचणीला बोलावलं. स्टिक ९,५०० ची नवी घेतलेली होती, पण ती नेली नाही. हातात बसलेली जुनीच नेली. दोन दिवसांची चाचणी. पहिल्या दिवशी यो-यो (दम बघायची धावण्याची चाचणी) आणि छोट्या धावा, दुसऱ्या दिवशी सामने. तिला डावीकडे खेळवलं, जिथं ती कधी खेळत नाही, आणि सोबतच्या मुलींची नावंही तिला माहीत नव्हती. बाहेरून मला तिचा आवाज ऐकू येत होता: "निळी, मागं!" "सात नंबर, आत ये!" घरात जी पोर पाणी दे म्हणायला तोंड उघडत नाही ती. एक पेनल्टी कॉर्नर तिच्या पायाला लागून गेला, एक हिरवं कार्ड मिळालं, दोन मिनिटं बाहेर बसली. परत आल्यावर पहिली पाच मिनिटं ती कशी खेळते ते बघायला तिथले प्रशिक्षक रेषेजवळ येऊन उभे राहिले होते. नेहमीसारखीच खेळली.

जूनच्या मध्यावर होकार आला. आता मानधन १५,०००, आणि त्यांच्या दोन सीनियर डिफेंडर निवृत्त झाल्यानं सामन्यांत उतरायची खरी शक्यता. या वेळी आमच्या बाजूनं मागण्या लिहून दिल्या: करार दोनऐवजी एक वर्षाचा, विद्यापीठाच्या परीक्षेला रजा, राज्य संघ किंवा राष्ट्रीय शिबिरासाठी ना हरकत, दुखापतीचा विमा आणि दुखापत झाल्यास किती महिने मानधन चालू राहील ते आकड्यात. पहिल्या तीन मान्य झाल्या. विमा आहे, पण मानधन दोनच महिने. परतफेडीची अट काढली नाही, मात्र ती फक्त हंगामाच्या मधे सोडल्यास लागू, अशी मर्यादा घातली. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा लागतो. सह्या १९ जुलैला झाल्या. या वेळी तिची सही चालली.

पोहोचवायला हे गेले होते. येताना गाडीत एकटेच होते तरी मला फोन केला नाही, घरी येऊन खोली कशी आहे, पंखा किती जोरात फिरतो, मेसमध्ये उसळ कुठली होती ते सगळं सांगितलं. मी विचारलेली एकच गोष्ट त्यांना सांगता आली नाही: सरावात तिला उजवीकडे ठेवलंय की डावीकडे.

डावीकडे ठेवलंय. आठवड्यानं तिनंच कळवलं. सध्या ती सामन्यात दोन भाग खेळते, बाकी बाहेर. वही तिनं सोबत नेलीय, रकाने आता तीच भरते. तिसऱ्या सेमिस्टरचा परीक्षेचा फॉर्म मी कॉलेजात भरून आले. संघाचं पुढचं वेळापत्रक अजून आलेलं नाही. आलं की आधी परीक्षेच्या तारखा ताडून बघायच्या आणि टक्कर होत असेल तर करारातलं रजेचं कलम लिहून अर्ज आठ दिवस आधी द्यायचा, असं तिला सांगून ठेवलंय. अर्जाचा मजकूर टाईप करून तिच्या मोबाइलवर पाठवलाय, फक्त तारीख घालायची बाकी आहे.